बोरदेव हॉल्ट बंद पडला त्याची हकीकत

बोरदेव, ता. ४ ऑगस्ट २००२

ती. त्रिंबकमामांस,
मोहनचा साष्टांग नमस्कार.

खालची सही वाचून तुम्ही चष्मा पुसाल आणि पुन्हा वाचाल. सही खरी आहे. मी तुमच्या विमलताईचा धाकटा. तुम्ही गाव सोडलंत तेव्हा दहा वर्षांचा होतो, आता चाळिशीचा आहे आणि दोन वर्षांपूर्वी आबा वारल्यापासून सोसायटीची चेअरमनकी माझ्याकडे आहे. तुम्ही नेकनूरला असता हे लिंबागणेशच्या एका पाहुण्याने चतुर्थीला सांगितलं. पत्ता खात्रीचा नाही, पण नेकनूरमध्ये पाय ओढत चालणारे आणि सगळ्यांना नावं ठेवणारे त्रिंबकराव एकच असतील, असं तो म्हणाला.

काम असं आहे. आपल्या बोरदेव विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीला या ऑक्टोबरात पन्नास वर्षं होतात. पाऊस नाही, मूग करपला, गावात दोन टँकर येतात, आणि दसऱ्याची वाट न पाहता अर्धं गाव आत्ताच उसाच्या मुकादमाशी बोलणी करतंय. अशा परिस्थितीत निदान स्मरणिका तरी निघावी, असं समितीचं एकमत झालं. तिच्यात बोरदेव हॉल्टचा इतिहास हवा आहे. तो तुमच्याइतका कोणाला ठाऊक असणार? अठरा वर्षं तुम्ही तिथले एजंट होतात.

इतिहासाचा उपयोगही आहे. आम्ही रेल्वेकडे मागणी करणार आहोत. नवं स्टेशन मागितलं की पाहणी, अंदाजपत्रक, आणि माझ्या नातवाचं लग्न होईपर्यंत थांबा. बंद पडलेलं मागितलं की अर्जात फक्त 'पूर्ववत' एवढाच शब्द लिहायचा. म्हणून भाषा प्रेरणादायी ठेवावी. सोसायटीच्या कपाटात तुमच्या विक्रीच्या वहीची नक्कल सापडली. नोव्हेंबर १९७२ मध्ये तिकीटविक्रीचा उच्चांक झालेला दिसतो. हॉल्टच्या त्या सुवर्णकाळावर एखादा परिच्छेद जरूर यावा. हॉल्टसाठी आबांनी केलेल्या खटपटीचाही उल्लेख असावा. त्यांचा फोटो पहिल्या पानावर आहे.

आईची प्रकृती ठीक, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुम्हाला पत्र लिहितोय हे तिला सांगितलेलं नाही. तुमचं नाव आमच्या घरात निघत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. पण आबा आता नाहीत, आणि इतिहास हा इतिहास असतो.

तुमचा भाचा,
मोहन बबनराव


नेकनूर, ता. १७ ऑगस्ट २००२

चि. मोहनरावांस,
अनेक आशीर्वाद.

चेअरमन भाच्याला अरेतुरे करावं की अहोजाहो, या विचारात चार दिवस गेले. शेवटी ठरवलं, वर मायन्यात राव आणि खाली मजकुरात अरे. पाहुण्याला सांग, पाय ओढतो हे खरं, नावं ठेवतो हेही खरं, पण सगळ्यांना नाही. काही माणसं माझ्या वाट्याला आलेली नाहीत.

तुझी मामी जाऊन सहा वर्षं झाली. तुम्हाला कळवलं नव्हतं. मी इथल्या जिनिंगमध्ये वीस वर्षं काट्यावर कारकुनी केली, आता मुलीजवळ असतो आणि स्टँडवर जाऊन पेपर वाचतो. तेव्हा वेळ भरपूर आहे. घे इतिहास.

हॉल्ट झाला तो कुणाच्या खटपटीने नाही. परळीकडे जाणारी गाडी आपल्या शिवारात चढावर यायची आणि बैलगाडीच्या चालीने चालायची. बोरदेवची माणसं तिच्यात चढत, उतरत, तिच्यातून गवताचे भारे फेकत. एकदा तुमच्या भावकीतला बंकट उतरताना पडला आणि त्याचा हात मोडला. रेल्वेचे साहेब चौकशीला आले, तर त्यांच्या डोळ्यांदेखत सातजण चालत्या गाडीतून उतरले आणि त्यांना रामराम करून घरी गेले. बोरदेवच्या लोकांना थांबवता येत नाही हे पाहून रेल्वेने गाडीच थांबवली. हे साल १९५५.

मग मुरूम टाकून फलाट झाला. चार खांब आणि पत्रे, तेच बुकिंग ऑफिस आणि तोच वेटिंग हॉल. एजंट म्हणजे रेल्वेचा नोकर नव्हे. पुढच्या स्टेशनातून तिकिटं आणायची, विकायची आणि विक्रीवर कमिशन घ्यायचं. मी सातवी पास, आणि पाय लहानपणापासून असा, त्यामुळे नांगरामागे उपयोगाचा नव्हतो. तुझ्या आईनेच माझं नाव सुचवलं. 'तिंबक बसून करायचं कायबी काम नीट करतो,' असं म्हणाली होती. त्या शिफारशीवर अठरा वर्षं काढली.

गाडी एक मिनिट थांबायची. दगडाबाई लेकीकडे निघाली की तीन मिनिटं, कारण तिच्या पाटीतली कोंबडी नेमकी गाडी आल्यावर सुटायची आणि गार्ड खाली उतरून धरून द्यायचा. श्रावणातल्या सोमवारी वैजनाथाला जाणाऱ्या बायकांनी फलाट भरून जायचा. एरवी दिवसाला वीस-पंचवीस तिकिटं.

आता तुझा सुवर्णकाळ. नोव्हेंबर बहात्तर. बाबा, ती जाणाऱ्यांची तिकिटं आहेत. त्या सालासारखा दुष्काळ मी पाहिला नाही. पोतं, पातेलं, पोरं घेऊन आणि दाराची कडी घालून माणसं रांगेत उभी राहायची. कोणी उसाला, कोणी खडी फोडायला, कोणी मुंबईला. हरिबाने सहा तिकिटं घेतली आणि म्हणाला, 'येतानाची बी आत्ताच दे की, सस्त पडंल.' परतीची तिकिटं माझ्याकडे नसायची. येतानाची तिकिटं लोकांनी जिथून घ्यायची तिथून घेतली असतील, आणि हरिबाने तर घेतलीच नाहीत. गाव ओस पडत होतं आणि माझं कमिशन वाढत होतं. त्या महिन्यात मी तुझ्या मामीला नवं लुगडं घेतलं, ते तिने कधी अंगाला लावलं नाही. याला सुवर्णकाळ म्हण वाटल्यास.

हॉल्ट बंद कसा पडला ते मी लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. 'पुढे बंद झाला' एवढं पुरे.

ताईच्या गुडघ्याला निरगुडीच्या पाल्याचा शेक दे. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

तुझा मामा,
त्रिंबक


बोरदेव, ता. २९ ऑगस्ट २००२

ती. मामांस,
सा. न.

तुमचा लेख समितीत वाचला. सगळे पोट धरून हसले आणि मग सर्वानुमते बदल सुचवले. चालत्या गाडीतून उतरणारी माणसं काढली आहेत, कारण अर्ज रेल्वेकडेच जायचा आहे. तिथे 'ग्रामस्थांच्या अथक पाठपुराव्यामुळे' असं घातलं. कोंबडी काढली. दगडाबाईच्या नातवाने हरकत घेतली. तो आता पंचायत समितीचा सदस्य आहे. नोव्हेंबर बहात्तरचा उच्चांक मात्र ठेवला आहे. आकडा खोटा नाही, आणि तिकिटं जाण्याची होती की येण्याची, हे रेल्वे विचारत नाही.

आता एकच अडचण उरली. 'पुढे बंद झाला' यावर समितीचं समाधान होत नाही. आपोआप बंद पडलेलं स्टेशन रेल्वे कशाला उघडेल? दोष कोणाचा तरी दाखवावा लागतो. रेल्वेचा दाखवून चालणार नाही, कारण मागणी तिच्याकडेच. गावाचा दाखवून चालणार नाही. म्हणून मसुद्यात असं वाक्य घेतलं आहे: 'मे १९७३ मध्ये तत्कालीन हॉल्ट एजंटने केलेल्या खोट्या तिकीटविक्रीमुळे हॉल्ट बंद करण्यात आला.' हे आम्ही मनाचं लिहिलेलं नाही. तुमच्याच सहीच्या जबाबाची नक्कल त्या वहीत आहे. 'सदर तिकिटे मी माझ्या कमिशनसाठी स्वतः फाडली,' असं तुम्ही लिहून दिलेलं आहे.

मामा, राग मानू नका. तुमचं नाव कुठेही घातलेलं नाही, फक्त 'एजंट' म्हटलं आहे. तेव्हा दुसरा एजंट नव्हता ही गोष्ट वेगळी.

छापखान्याला पंधरा सप्टेंबरला मजकूर द्यायचा आहे. तुमची हरकत नाही असं दोन ओळींत कळवावं.

आपला,
मोहन


नेकनूर, ता. ८ सप्टेंबर २००२

मोहन,

हरकत आहे. दोन ओळींत मावणार नाही.

एकोणतीस वर्षं मी हे तोंडातून काढलं नाही. पोरीला सांगितलं नाही. तुझी मामी मरताना म्हणाली, 'आता तरी बहिणीला खरं कळवा,' तरी कळवलं नाही. पण माझ्या भाच्याने, माझ्या ताईच्या घरातून, मला चोर म्हणून छापायचं आणि वर माझीच ना हरकत मागायची, हे मात्र माझ्याने सोसवत नाही. तेव्हा ऐक, आणि ऐकून झाल्यावर हे पत्र चुलीत घाल.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये रेल्वेचा कागद आला. तीन महिन्यांत रोजी सरासरी पंचवीस तिकिटं विकली गेली नाहीत तर हॉल्ट बंद. मी तो कागद दाजींना दाखवला. तुझे आबा चेअरमन, गावातला शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, 'बघू.' एप्रिल गेला, मे गेला. मे संपायला आला तेव्हा एकशे ब्याण्णव तिकिटं कमी पडत होती आणि गावात माणसं उरली होती थोडी. त्यातच पुलाचं काम निघालं आणि चोवीस तारखेपासून गाडीच बंद झाली. आठ दिवस रुळावर शेळ्या बसत होत्या.

एकतीस मेला दाजींनी तातडीची सभा घेतली आणि ठराव केला. सोसायटीने प्रत्येक सभासदाच्या नावे एक तिकीट काढावं; सभासदही नेमके तेवढेच होते. मी म्हणालो, 'दाजी, आज गाडी न्हाई.' ते म्हणाले, 'आरं, तिकिटाला गाडी कशाला लागती? बंद पडतंय ते तिकिटापाई, गाडीपाई न्हाई.' सभेने टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, त्या घटकेला मलाही ते पटलं.

पैसे कुठले, हा प्रश्न मीच विचारला. सोसायटीकडे जनावरांच्या चाऱ्याची सरकारी रक्कम आली होती. दाजी म्हणाले, 'हॉल्ट ऱ्हायला तर चारा रेल्वेनं आणता यील.' हॉल्टवर मालगाडी थांबत नाही, असं मी सांगितलं. 'आधी हॉल्ट तर ऱ्हाऊ दे,' म्हणाले.

मग ऊन उतरल्यावर सगळे रांगेने आले. जे गावात होते त्यांनी स्वतःचं घेतलं आणि जे उसाला होते त्यांचं भावकीने घेतलं. तिघे मेलेले होते, पण सभासदत्व चालू होतं, त्यांचीही फाडली. मी एकेक तिकीट तारीख उमटवायच्या यंत्राच्या दाबाखाली घालत होतो. दगडाबाई भांडली, 'समद्यास्नी म्होरल्या टेसनाचं कावून? मला लेकीच्या गावाचं दे.' आणि म्हाळू धनगर तिकीट घेऊन फलाटावर बसला तो उठेचना. त्याला वाटलं, तिकीट काढलं म्हणजे आता जावं लागणार. दिवेलागणीपर्यंत शेळ्या घेऊन बसला होता. शेवटी मी जाऊन त्याची समजूत घातली.

पंधरवड्याने तपासनीस आला. वही उघडली, तारीख पाहिली, आणि मला म्हणाला, 'या दिवशी इथून एकशे ब्याण्णव माणसं कशात बसून गेली?' मी काय सांगणार? खरं सांगितलं असतं तर चाऱ्याचे पैसे निघाले असते. दुष्काळात जनावरांच्या तोंडचा घास तिकिटांत घातला म्हणून दाजी जेलात गेले असते आणि ताई तीन लेकरं घेऊन उघड्यावर आली असती. तेव्हा दाजी त्या पत्र्याच्या खांबाला टेकून उभे होते. मी जबाब लिहून दिला.

जाताना तो तपासनीस मला जे बोलला ते आजवर कोणाला सांगितलं नाही, दाजींनाही नाही. म्हणाला, 'मूर्ख आहात. गाडी बंद असलेले आठ दिवस सरासरीत धरतच नाहीत. तेवढी दोनशे तिकिटं वजा केली तर तुमचा हॉल्ट आधीच पास झाला होता. आता खोट्या विक्रीमुळे बंद.' म्हणजे त्या संध्याकाळी सगळं गाव घरी झोपून राहिलं असतं तर हॉल्ट वाचला असता.

मला गाव सोडायचं नव्हतं. आठ दिवसांनी दाजी घरी आले आणि म्हणाले, 'विमलचा निरोप हाय. तू तिच्या नवऱ्याच्या नावाला बट्टा लावला. पुन्यांदा तोंड दावू नको मनली.' मी म्हटलं, तिला खरं ठाऊक नाही, तिचा राग बरोबर आहे, आणि खरं सांगावं तर तिचंच घर मोडतं. रातोरात नव्हे, चांगलं दिवसाढवळ्या सामान बांधलं. कोणी अडवलं नाही.

आता तूच ठरव काय छापायचं ते. पण तुझ्या आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. एवढीच विनवणी आहे.

त्रिंबक


बोरदेव, ता. २५ सप्टेंबर २००२

ती. मामा,

पत्र चुलीत घातलं नाही. माफ करा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमचा राग आला. आबा गेलेत, त्यांना उत्तर देता येत नाही, असं वाटलं. मग खरंखोटं करावं म्हणून म्हाळू धनगराकडे गेलो. ऐंशीच्या पुढे गेलाय, कान शाबूत आहेत. मी आडून आडून विचारायला लागलो, तर तो हसला. 'आरं लेकरा, समदं गाव त्या रांगंत हुतं. कुनाला ठावं न्हाई?' मग जबाबाचं विचारलं. म्हणाला, 'तिंबकनं आपल्या सहीनं लिवून दिलं. आमाला वाटलं त्येच्या मनात तसंच आसंल. मंग गाव सोडून गेला. आमी मनलं, रुसला. रुसलेल्या मानसाला कोन इचारतंय?'

मी आणखी सहाजणांना विचारलं. प्रत्येकाला माहीत होतं. एकजण तर म्हणाला की चाऱ्याचे पैसे होते हे तालुक्याच्या साहेबालाही माहीत होतं, पण त्या सालात साहेब तरी कुठे कुठे बघणार? मामा, तुम्ही एकोणतीस वर्षं जे लपवलंत ते फक्त दोन माणसांना माहीत नव्हतं. एक मी, आणि एक आई.

आईला मी सांगणार नव्हतो. पण ती गावातल्या बायकांत बसते, आणि मी दारोदार विचारत हिंडलो होतो. परवा ज्वारी निवडता निवडता म्हणाली, 'मामाचं पत्र आलंय मनं. वाच.' मी काही वाक्यं गाळून वाचायला लागलो. तिला लगेच कळलं. म्हणाली, 'समदं वाच.' वाचलं. निरोपाच्या जागी तिने थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, 'म्या आसला निरोप धाडला न्हाई.'

ती सूप खाली ठेवून म्हणाली, 'तुजे आबा मला मनले, तिंबकनं शपत घेतली, तुज्या दारचं पानी पिनार न्हाई. म्या मनलं, त्येचं पोट गेलं आन चेअरमन आसून माज्या नवऱ्यानं त्येला राखलं न्हाई, त्येचा राग खराच हाय.'

आबांच्या फोटोला ती रोज हार घालते. काल घातला नाही. विचारलं तर म्हणाली, फुलं नाहीत. परड्यात सदाफुली फुललेली होती.

मामा, माझे वडील पन्नास वर्षांतली तीस वर्षं चेअरमन होते. माणसं अजून त्यांची शपथ घेतात. त्यांनी तुम्हा दोघांना एकेक खोटं सांगितलं, का तर तुम्ही दोघं समोरासमोर बसलात तर एकशे ब्याण्णव तिकिटं निघतील म्हणून. मला त्यांचा राग येतो आणि रडूही येतं. काय करावं ते सुचत नाही.

स्मरणिकेचं सांगतो. खरं छापावं असा प्रस्ताव मी ठेवला. समितीला तो फारच आवडला. 'गाडी नसताना तिकीट काढणारं महाराष्ट्रातलं एकमेव गाव' असा मथळा काढावा आणि आबांच्या दूरदृष्टीवर चौकट टाकावी, असं ठरत होतं. चाऱ्याची कोणी आठवणही काढली नाही. तेव्हा मीच प्रस्ताव मागे घेतला. आईला चारचौघांत त्रास नको म्हणून आता एवढंच छापलं आहे: 'सन १९७३ मध्ये तांत्रिक कारणामुळे हॉल्ट बंद झाला.' एजंट काढून टाकला. तुमचा सत्कार करायचाही ठराव झालाय, शाल आणि नारळ. दोन ऑक्टोबरला याल का?

मोहन


नेकनूर, ता. १२ ऑक्टोबर २००२

ती. सौ. विमलताईस,

सौ. लिहून गेलो. सवय. दाजी गेल्याचं कळलं होतं तेव्हाही आलो नाही, कारण तुझी मनाई आहे असं समजत होतो. माफ कर.

मोहनच्या समारंभाला मुद्दाम आलो नाही. जी गोष्ट उघडी पडली तर तुझं घर मोडेल म्हणून मी गाव सोडलं, ती गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. त्या गावाच्या हातून नारळ कसा घेऊ? मला त्या लोकांचा राग नाही. माझाच येतो. जिनिंगच्या काट्यावर बसून मी वीस वर्षं स्वतःला सांगत होतो की तिंबक, तू बहिणीसाठी मोठं काम केलंस. आता कळतं की ते काम झालंच नाही.

ताई, जबाब लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त तू होतीस. पदराला तीन लेकरं, वर दुष्काळ. नवरा जेलात गेला असता तर तू काय केलं असतंस? म्हणून लिहिलं. पुढेही जे गप्प बसलो ते तुझ्यासाठीच. तुझ्या मनाला लागू नये एवढीच इच्छा होती. आताही म्हणतो, लोकांत पुन्हा चर्चा नको. दिवाळी होऊन जाऊ दे, सगळं थंड होऊ दे. मग उन्हाळ्यात केव्हा तरी मी सवडीने येऊन जाईन. तुझ्या गुडघ्याला एवढा प्रवास झेपायचा नाही, तेव्हा तू काही मनात आणू नकोस. तुला त्रास होईल असं काही करायचं नाही, हे मी ठरवलेलं आहे.

तुझा धाकटा भाऊ,
त्रिंबक


बोरदेव, ता. २८ ऑक्टोबर २००२

(आजोबा, हे पत्र आजीने सांगितलं आणि मी लिहिलं. बोलते तसंच लिही, चांगलं करू नको, असं तिने बजावलंय. तुमची नात, मोहनरावांची थोरली, छबू.)

तिंबक,

तुला आशीर्वाद हायेत. तुजं पत्र मोहननं वाचून दावलं. म्या दोनदा वाचाय लावलं. पयल्या बारीला रडू आलं. दुसऱ्या बारीला राग आला. रागाचं आदी सांगते.

तू मनतोस, तायसाटी जबाब लिवला. तायसाटी गाव सोडलं. तायसाटी गप बसलो. तुजे दाजी बी मरताना मनले व्हते, म्या जे केलं ते तुज्यासाटी केलं. तवा मला कळलं नव्हतं काय केलं त्ये. आन आता मोहन मनतो, आईला तरास नको मनून तांत्रिक कारन छापलं. समद्यांनी माज्यासाटीच केलं. मला मातर कुनीच इचारलं न्हाई.

तवा इचारलं असतंस तर म्या काय मनले असते, त्ये ऐक. म्या मनले असते, खरं लिव्ह. चेअरमनकी गेली असती तर गेली असती. त्येंना धरून नेलं असतं तर म्या खडी फोडली असती. त्या साली बाया फोडतच व्हत्या, मी बी फोडत व्हते. लेकरं जगली असती. भाऊ ऱ्हायला असता. तू माजं घर वाचवलं मनतोस. घर वाचलं रं. माहेर गेलं, त्येचं काय?

माय गेली, बाप गेला, तू एकला व्हतास. एकुणतीस भाऊबिजा म्या चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ न्हाई ती चंद्राला ओवाळती. मला व्हता, तीन एसट्यांच्या वाटंवर, आन म्या चंद्राला ओवाळत व्हते. सुभद्रा गेली त्ये बी मला आता कळलं. माज्या भावजयीच्या मातीला म्या आले न्हाई. ह्ये मातर मला लई लागलं.

तुज्या दाजींवर बी म्या रागं भरले. चार दिस फोटूकडं बगितलं न्हाई. मंग मनलं, मेलेल्या मानसासंगं भांडून त्येला काय कळतंय? जित्यासंगं भांडावं. मनून तुज्यासंगं भांडते.

आन तू परत तेच करतोस बग. दिवाळी होऊ दे, उन्हाळ्यात येतो, तुला झेपायचं न्हाई, मी ठरवलंय. तू कोन ठरवनार? माजे गुडघे हायेत, तुजे न्हाईत. गाव सोडलंस तवासारका तू चव्वेचाळीसचा आसतास तर उन्हाळ्याची वाट बगितली असती. म्या अठ्ठ्याहत्तरची हाय.

मोहन मनला, जीप करून देतो. म्या नको मनलं. जीप केली की चेअरमनची आय आली आसं व्हईल, समदं गाव संगट यील आन शाल बी यील. म्या छबूला घिऊन एसटीनं येते. हाल्ट आसता तर परळीपातुर तरी गाडीत बसून आले असते, पर तो तुमी साला-मेव्हन्यांनी मिळून बंद पाडला. आता धक्के खावं लागत्यात, त्ये बी माज्यासाटीच केलंस आसं समजते.

भाऊबिजंला भावानं यायची रीत हाय. रीतीची वाट बगत बसले तर म्या आदी जायची. म्होरल्या बुधवारी भाऊबीज हाय. आदल्या दिशी मंगळवारी सकाळच्या गाडीनं निगते, दुपारपातुर तितं पोचंन. नेकनूरच्या स्टँडवर येऊन उबा ऱ्हा. मला तुजं घर ठावं न्हाई.

तुजी ताय